म्हादईचं रान आणि मे महिन्यातलं पाणी

सत्तरीकर_पुण्यात | १८ मे, रात्री १०:४२

मंडळी, परवाच गावाहून परतलो. गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. म्हादई अभयारण्याची हद्द आमच्या परसातून जाते म्हटलं तरी चालेल.

यंदा काजूचा हंगाम संपता संपता पोचलो. घरामागच्या कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, ज्या झरीचं पाणी पाटाने येतं, ती झर मेच्या दुसऱ्या आठवड्यातही मनगटाएवढ्या धारेने वाहत होती. पोफळी हिरव्यागार, मिरीचे वेल तकतकीत. पुण्यात उतरलो तर सोसायटीच्या गटावर पहिला निरोप: उद्या दोनच टँकर, जपून वापरा.

गावी असताना आतेभावाला सहज म्हटलं, "तुमची चैन आहे बाबा." तो पाटातला पाला काढत होता. वर न बघताच म्हणाला, "वयलें रान आसा म्हूण. तें गेलें जाल्यार तूंच टँकर धाड पुण्याहून."

तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे.

ज्यांना म्हादई फक्त बातम्यांतून ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडं भूगोलाचं. नदी उगम पावते कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, देगावजवळच्या भीमगडच्या जंगलात. तिथून सह्याद्री उतरून सत्तरीत येते, खाली गेल्यावर तिचं नाव मांडवी होतं आणि पणजीला समुद्राला मिळते. सगळं पाणलोट क्षेत्र २,०३२ चौरस किलोमीटर. त्यातलं ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात आणि १,५८० गोव्यात. आख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे रुपयातले जवळजवळ सात आणे गोवा या एका नदीच्या खोऱ्यात बसतो.

अभयारण्य झालं १९९९ मध्ये, २०८ चौरस किलोमीटरचं. तेव्हा गोव्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं एकदमच जाहीर केली. निवडून आलेलं सरकार असतं तर झालं असतं का? मला शंका आहे. या भागात खाणींचे पट्टे होते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

आता मूळ मुद्दा. कर्नाटकाला म्हादईचं पाणी मलप्रभा नदीत वळवायचंय, गोव्याचा त्याला विरोध आहे. त्यामुळे म्हादई म्हटलं की चर्चा फक्त टीएमसीची, म्हणजे अब्ज घनफुटांची. इतके तुम्हाला, इतके आम्हाला. पण आमच्या गावात कुणी नदी टीएमसीत मोजत नाही. तिथे प्रश्न एकच: शिगमा झाल्यावर झर वाहते की नाही? पावसाळ्यात पाणी इतकं असतं की नको म्हणायची पाळी येते. खरं पाणी मार्च ते मे या तीन महिन्यांचं, आणि ते आकाशातून पडत नाही, डोंगराच्या पोटातून येतं.

याच पाण्यावर आमच्याकडे पुरण शेती व्हायची. पाऊस ओसरला, नदी आकसली की पात्रातच दगडांचे बांध घालायचे, गाळ अडवायचा, पाणी वळवून घ्यायचं आणि उन्हाळी भात काढायचं. पुढच्या पावसाला बांध वाहून गेला तर गेला, पुन्हा घालायचा. काम गावाने मिळून करायचं. आता करणारी गावं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत.

तर विचारायचं ते असं: हे रान राखल्याचा फायदा कुणाकुणाला होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो? नदीच्या कुठल्याही टोकाला राहणाऱ्यांनी लिहावं. राजकीय पक्षांची भांडणं नकोत, ती दुसऱ्या धाग्यांवर भरपूर आहेत.

---

ओपाचं_पाणी | १८ मे, ११:२०

पणजीत राहते. सदस्यनामावरून कळलंच असेल, आमच्या नळाला ओपाहून पाणी येतं. ओपाचा प्रकल्प खांडेपार नदीवर, आणि खांडेपार ही मांडवीचीच उपनदी. दूधसागरचा धबधबा तिच्याच वरच्या अंगाला. म्हणजे रेल्वेतून ज्याचे फोटो काढतो तेच पाणी आम्ही पितो.

लाजेने कबूल करते, पणजीत वीस वर्षं काढून हे मला चार वर्षांपूर्वी कळलं, तेही मुलीच्या शाळेच्या प्रकल्पामुळे. ओपाची जलवाहिनी फुटली की दोन दिवस शहराचे हाल होतात, तेव्हा सगळे पाणी खात्याला शिव्या घालतो. वरच्या जंगलाची आठवण कुणाला येत नाही.

---

धारवाडी_पेढा | १९ मे, सकाळी ७:०५

सुंदर लेख, पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती मांडायला इथे मी एकटाच दिसतो. आमचं घर चार पिढ्या धारवाडात. हुबळी-धारवाडला मलप्रभेचं पाणी येतं, सौंदत्तीजवळच्या नवलतीर्थ धरणातून. धरण किती वर्षं पूर्ण भरतं ते एकदा येऊन बघा. २०१५ साली नरगुंदला शेतकरी याच पाण्यासाठी रस्त्यावर बसले ते हौसेने नव्हे.

आकडे बघा. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात खोऱ्याचं भरवशाचं पाणी १८८ टीएमसीच्या वर धरलं. त्यातून कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आमच्या १३.४२ पैकी ८.०२ वीजनिर्मितीसाठी आणि १.५ खोऱ्यातल्याच वापरासाठी. मलप्रभेत वळवायला उरतात फक्त ३.९. कळसा नाल्याचे १.७२, भांडुरा नाल्याचे २.१८. शंभरातले दोन. बाकीचं पाणी समुद्राला जातं. दोन टक्क्यांनी तुमची झर आटणार आहे का?

---

सत्तरीकर_पुण्यात | १९ मे, ७:४०

पेढेसाहेब, लिहिलंत ते बरं केलंत, खरंच. नरगुंदच्या शेतकऱ्याची तहान खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण "समुद्राला जातं" या वाक्यावर थोडं थांबू या. समुद्राच्या अलीकडे कोण राहतं ते कुणीतरी खालच्या अंगाचं येऊन सांगेल अशी आशा आहे. झरीबद्दल मला शास्त्र येत नाही. अभियंताकाका, आहात का?

---

निवृत्त_अभियंता | १९ मे, दुपारी १:१५

आहे. जेवण होऊ दिले आणि बसलो. जरा लांबेल.

पहिली गोष्ट, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. मोठा आकडा आहे, पण वर्षाचा आकडा आहे. माझी सगळी नोकरी पाण्यात गेली. वर्षाच्या आकड्याने धरण बांधता येते, विहीर नाही. सत्तरीत दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. वर्षाच्या १८८ मधून पावसाळ्यात ३.९ काढणे आणि एप्रिलच्या पाण्याचा उगम छेडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही बाजूंचे लोक त्या सोयीने एकत्र करतात.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. "जंगल पाणी निर्माण करते" हे शाळेतल्या फलकावरचे वाक्य आहे. झाड पाणी पिते. घनदाट जंगल भरपूर पिते. जंगलाचे खरे काम पाण्याची वेळ बदलणे हे आहे. उघड्या डोंगरावर सरी कोसळल्या की थेंब माती ठोकून घट्ट करतात, पाणी वरच्यावर धावते आणि दोन दिवसांत समुद्राला लागते, सोबत माती घेऊन. रानात तोच थेंब आधी पानांवर फुटतो, मग पाचोळ्यावर पडतो. खाली मुळांनी, वाळवीने, गांडुळांनी, कुजलेल्या खोडांनी जमीन पोखरून सच्छिद्र केलेली असते. पाणी आत उतरते, जांभ्यातून आणि खडकाच्या भेगांतून सावकाश सरकते आणि चार-सहा महिन्यांनी आपल्या सत्तरीकरांच्या पाटात येते. जुलैचे पाणी मेला मिळणे, याला मी जंगलाची बँक म्हणतो.

आणि जंगल म्हणजे कुठलीही हिरवी गोष्ट नव्हे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात याची मोजमापे झाली आहेत. नैसर्गिक रानाखालच्या जमिनीत पाणी जितके मुरते तितके अकेशियाच्या लागवडीखाली किंवा विरळ झालेल्या रानात मुरत नाही. लांबून तिन्ही हिरवेच दिसतात. उपग्रहातूनही, असे म्हणतात.

पेढेसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर: पाण्याचे दोन टक्के मला फारसे घाबरवत नाहीत. घाटमाथ्यावर खोल कालवा खणणे मला घाबरवते. मुरलेले पाणी ज्या थरातून चालते तो थर मध्येच कापला की ते कालव्यात उतरते आणि पलीकडची झर कोरडी पडते. किती, हे जागेवर मोजल्याशिवाय सांगणार नाही.

कायद्याचा एक मुद्दा जाता जाता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवानगीशिवाय वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने कळसा-भांडुराच्या आराखड्याला मान्यता दिली, त्यानंतर गोव्याच्या वन्यजीव रक्षकांनी याच कलमाखाली कर्नाटकाला नोटीस काढली होती. म्हणजे १९९९ साली वाघ-गव्यांसाठी आखलेली रेघ आज पाण्याच्या भांडणात गोव्याचा मोठा आधार आहे. ज्या पुढाऱ्यांनी अभयारण्याला विरोध केला तेच आता त्याच्या आडोशाला उभे आहेत. गंमत आहे.

---

मृण्मयी_प | १९ मे, १:५०

काका __/\__ जंगलाची बँक हे मुलांना शिकवताना वापरणार.

---

खानापूरकर | १९ मे, रात्री ९:३०

मी कणकुंबीच्या बाजूचा. इथे बहुतेकांना वाटतं की म्हादईच्या वादात कर्नाटकवाले सगळे एका बाजूला. खानापूर तालुका मराठी बोलणारा, रानात राहणारा, आणि धरण-कालव्याचा एक थेंबही त्याला मिळणार नाही. पाणी जाणार पूर्वेला, खड्डा राहणार आमच्या दारात.

आमच्या कणकुंबीची जागाच अजब आहे. मलप्रभा इथेच उगम पावते, माउलीच्या देवळापाशी, आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. थोड्या अंतरावरचं कळसा नाल्याचं पाणी पश्चिमेला म्हादईत जातं. एकाच पावसाचा एक थेंब बंगालच्या उपसागरात, दुसरा अरबी समुद्रात. मध्ये आहे फक्त एक रानाची वरंडी. २००६ पासून तीच वरंडी खणायला घेतली.

काकांनी जे "मोजल्याशिवाय सांगणार नाही" म्हटलं त्याबद्दल: मोजणी माझ्याकडेही नाही. कालव्याचा चर खणल्यावर विहिरींचं पाणी लवकर उतरायला लागलं असं गावातली जुनी माणसं सांगतात. आमच्या विहिरीला पूर्वी मेच्या शेवटी चार हात पाणी असायचं, आता दीड-दोन हात असतं. पाऊस कमी-जास्त झाला, बोअर वाढले, हेही खरं. पण चर खणायच्या आधी कुणी येऊन विहिरीत दोरी सोडून बघितली नाही, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि भीमगड. तेही अभयारण्य आहे, डिसेंबर २०११ पासून, १९० चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहेत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं वटवाघूळ आहे, त्यासाठी परदेशातून माणसं येतात. आत तळेवाडीसारखी गावं आहेत, तिथे पावसाळ्यात आजारी माणसाला झोळी करून आणावं लागतं. आता काही कुटुंबं मोबदला घेऊन बाहेर येतायत. रान राखल्याची किंमत कोण मोजतो असं विचारलंत ना, ती झोळी खांद्यावर घेणारे मोजतात.

---

रानवाटा | २० मे, सकाळी ८:१०

फार चांगला धागा. मी गेली सात-आठ वर्षं चोर्ला घाट, सुर्ला, वाघेरीचा डोंगर इथे पक्षी बघायला जातो. महाधनेश, मलबारी कर्णा, नशीब असेल तर बेडूकतोंड्या. माझं स्पष्ट मत: उच्च न्यायालयाने २४ जुलै २०२३ ला म्हादईचा व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा असा आदेश दिला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि वेळकाढूपणा सुरू झाला. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तीन बछडे विष घालून मारले, तरी आपल्याला पुरावा हवा की इथे वाघ आहेत! गावं बाहेर काढून चांगलं पुनर्वसन करा, प्रश्न मिटला. मार्च २०२३ चे वणवे आठवतात का? नौदलाची आणि हवाईदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. काजूसाठी आग लावतात, दुसरं काय.

---

काजूबी | २० मे, ११:३५

रानवाटा, तुम्ही घाटात येऊन पक्षी बघता, या, चांगलं आहे. आमच्याकडे पेज खाऊन जा. पण "गावं बाहेर काढा" हे चार शब्द तुम्ही ज्या सहजपणे लिहिलेत, त्यावरून कळलं की तुम्ही रस्त्यावरून खाली उतरला नाहीत.

मी सत्तरीत लग्न होऊन आले त्याला सव्वीस वर्षं झाली. म्हणजे मी आले आणि पाठोपाठ अभयारण्य आलं. कायद्याप्रमाणे अभयारण्य जाहीर झालं की लोकांचे हक्क ठरवायचे असतात. मुलगा जन्मला, शिकला, नोकरीला लागला, आमचा दावा अजून "प्रलंबित". जमिनीचे कागद म्हणाल तर सत्तरीत मोकाशांच्या जमिनी, कसणारा एक आणि कागदावर दुसरा. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यात अनुसूचित जमातीबाहेरच्यांनी तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा, पुरावा द्यायचा. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेला फणस दाखवला. साहेब म्हणाले, फणसावर तारीख नाही.

घराचं छप्पर दुरुस्त करायचं तर भीती. विजेचा खांब हलवायचा तर परवानगी. गवे येऊन भाताची माती करतात, माकडं नारळ ठेवत नाहीत. आणि शहरातला माणूस म्हणतो यांना बाहेर काढा म्हणजे रान वाचेल.

वणव्याचं. होय, काजूखालचं गवत जाळायची पद्धत आहे, आणि त्यातून आग हाताबाहेर जाते. खोटं बोलणार नाही. त्या मार्चमध्ये आमच्याच बाया-माणसं हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपत होती, हेलिकॉप्टर नंतर आलं. कुणी मुद्दाम लावली असेल तर त्याला पकडा ना. आख्ख्या तालुक्याला चोर का ठरवता?

वाघिणीचं जे झालं ते वाईटच झालं. आमच्याकडे व्याघ्रेश्वर पुजतात, गावांच्या सीमेवर वाघाच्या कोरीव मूर्ती आहेत. वाघ नवा नाही आम्हाला. पण गोठ्यातली दुभती म्हैस गेली तर भरपाईसाठी किती खेपा घालायच्या, याचं उत्तर द्या आणि मग बोला.

---

रानवाटा | २० मे, दुपारी १२:५०

काजूबी, माफ करा. खरंच रस्त्यावरून खाली फारसा उतरलो नाही. त्याच न्यायालयाच्या आदेशात वनवासी लोकांचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा असंही म्हटलं होतं. ते मी सोयीस्करपणे गाळलं, हे आत्ता वाचताना लक्षात आलं. व्याघ्र प्रकल्प व्हावा हे मत मात्र कायम आहे.

---

काजूबी | २० मे, १:०५

मत असू दे. पेजेचं आमंत्रणही आहेच.

---

सत्तरीकर_पुण्यात | २० मे, रात्री ९:००

काजूबी, वयनी, तुम्ही लिहिलंत ते मी गावचा असून मला लिहायचं सुचलं नाही. पुण्यात राहिल्याने रान फक्त गोड दिसायला लागतं बहुतेक.

यात एक भर घालतो. सरकारने रेघ मारायच्या कितीतरी आधी आमच्याकडे रान राखायची रीत होती, देवराईची. बांबर गावात निरंकाराची राई आहे. आत गेलात तर पायाखाली पाणी आणि चिखल, आणि त्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. रानजायफळाची झाडं. शास्त्रज्ञ याला मायरिस्टिका स्वॅम्प म्हणतात, फार प्राचीन प्रकारचं जंगल आहे म्हणतात. आमच्या आजीला एवढंच ठाऊक होतं की तिथली काडीदेखील उचलायची नाही, देवाची आहे. त्या राईतून निघणारा ओहोळ खालच्या बागायतीला पाणी देतो. आजीच्या भाषेत तो निरंकाराचा प्रसाद, काकांच्या भाषेत बँकेतून आलेले पैसे.

---

तिळारीकाठ | २१ मे, सकाळी ६:४५

महाराष्ट्राच्या ७७ चौरस किलोमीटरांतून कुणीच बोललं नाही म्हणून मी. दोडामार्ग तालुका, सिंधुदुर्ग. आमच्याही हेवाळे-बांबर्डेत अशीच रानजायफळाची राई आहे, देवामुळे टिकलेली. २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तुमचं बांबर, आमचं बांबर्डे, मध्ये फक्त राज्याची सीमा. देवाला आणि जायफळाला ती कळली नाही.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. रान गेल्यावर काय होतं ते बघायचं असेल तर आमच्याकडे या. डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले. बाहेरून माणसं आली, जमिनी घेतल्या, जुनं रान साफ केलं, रबर आणि अननस लावले. विकली कुणी? आम्हीच. मुंबईत राहणाऱ्या सातबारावरच्या चुलत्यांनी सही केली, वाटणी घेतली. माझ्या वडिलांचीही एक सही त्यात आहे, म्हणून दुसऱ्याला बोलत नाही.

लांबून हिरवंगार दिसतं, काकांनी सांगितलं तसंच. आमच्या वाडीच्या वरचा व्हाळ मी लहान असताना गुढीपाडव्यानंतरही वाहायचा. आता शिवरात्रीला दगड दिसतात. पावसात मात्र लाल पाणी घेऊन धावतो, दारातला साकव दोनदा नेला. पाऊस तेवढाच आहे. हत्तींचा त्रास वेगळाच, तो विषय इथे काढत नाही.

अभयारण्याचा जाच काजूबींनी लिहिला तो खराच असणार. पण रेघ नसल्यावर काय होतं ते मी रोज बघतो. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी जाच घेईन. बोलणं सोपं आहे, कारण तो मला सोसायचा नाही, हेही माहीत आहे.

---

काजूबी | २१ मे, ७:३०

तिळारीकाठ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या घरात यावर वाद होतो. नवऱ्याचं म्हणणं, अभयारण्य नसतं तर आज आमच्या वरच्या डोंगरावर खाण असती आणि झरीतून लाल माती आली असती. मी म्हणते, बरोबर, पण मग हक्क द्या आणि राखायला आम्हालाच ठेवा. यावर तो गप्प बसतो. याचा अर्थ तो सहमत आहे असा मी घेते.

---

चोडणकर | २१ मे, रात्री ८:२०

उशीर झाला. सत्तरीकरांनी "खालच्या अंगाचं कुणीतरी" म्हटलं होतं, तो मी. चोडण बेटावर राहतो, मांडवीच्या मुखाजवळ. पणजीच्या बाजूने रायबंदरहून फेरीने यायचं. सलीम अली पक्षी अभयारण्य आमचंच.

धारवाडच्या मित्राने लिहिलंय की बाकीचं पाणी समुद्राला जातं. जातं ना. पण समुद्रही वर येतो. मांडवीत भरतीचं पाणी पार गांजे गावापर्यंत जाणवतं, जवळजवळ पन्नास किलोमीटर आत. वरून गोडं पाणी रेटत असतं म्हणून खारं पाणी खाली राहतं. नदी म्हणजे आमच्यासाठी दार आहे, आतून कुणीतरी लोटून धरलेलं. आतल्याने हात काढला की काय होणार?

आमची शेती खाजनातली. समुद्रसपाटीच्या आसपासची, काही ठिकाणी भरतीच्या पाण्यापेक्षा खोल जमीन. बाहेर मातीचे बांध, बांधाला मानस, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की पाण्याच्या जोराने मिटतात, ओहोटीला उघडतात. पूर्वजांची अक्कल! या जमिनीत कोरगूट भात होतं, ते थोडं खारेपण सोसतं. थोडं, पुन्हा सांगतो. पहिल्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन गेलं की पेरायचं. मीठ जास्त चढलं तर कोरगूटही हात टेकतो. भाताशिवाय मानशीतली मासळी, नदीतले तिसऱ्या, खुबे असे शिंपले, सगळी गोड्या-खाऱ्याच्या तोलावर जगणारी. तोल बिघडला की आधी तिसऱ्या सांगतात, सरकारी अहवाल नंतर.

बांध फुटायला आणि खाजनं पडायला नदीचं पाणी हेच एकमेव कारण नाही. आमची पोरं बोटीवर आणि आखातात गेली, बांधाला माती घालायला कुणी नाही, काहींनी मत्स्यपालनासाठी मुद्दाम खारं पाणी घेतलं. तेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल सगळं खापर वरच्यांवर फोडलं.

---

धारवाडी_पेढा | २१ मे, १०:१५

चोडणकर, दाराचं उदाहरण पटलं. खाजन हा शब्दच मला नवा होता. समुद्राला जाणारं पाणी वाया जातं असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय.

तरी माझा प्रश्न उरतोच. हुबळी-धारवाडला पाणी हवंय. मलप्रभेच्या स्वतःच्या खोऱ्यात उसाला किती पाणी जातं, गळती किती, यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही हे मान्य करतो. ऊस पिकवणारे मतदार आहेत आणि जंगल मतदार नाही. २०२३ मध्ये केंद्राने "प्रवाह" नावाचं प्राधिकरण नेमलं, लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी बघायला. त्यात टीएमसी मोजतील. खानापूरकरांच्या विहिरीत दोरी कोण सोडणार, माहीत नाही.

---

निवृत्त_अभियंता | २२ मे, सकाळी ६:००

दोरी सोडायला प्राधिकरण लागत नाही. खानापूरकर, एक वही करा. दर पंधरवड्याला विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत किती फूट, तारीख घालून. सत्तरीकरांच्या आतेभावाने झरीखाली घागर धरून भरायला किती सेकंद लागतात ते लिहावे, घागर मात्र दर वेळी तीच. काजूबी आणि तिळारीकाठ यांनीही. सोबत पावसाची नोंद, सरळ बाजूची बाटली कापून ठेवली तरी चालेल. तीन वर्षे सलग झाले की मला पाठवा, आलेख मी काढतो. माझे वय ७४ आहे, तेव्हा लवकर सुरू करा.

---

खानापूरकर | २२ मे, ७:१०

आजच सोडली. अकरा हातांवर पाणी लागलं. फुटांत उद्या मोजतो, पट्टी पोराने शाळेत नेलीय.

---

काजूबी | २२ मे, ९:४५

आमची घागर: बावीस सेकंद. नवऱ्याने मोजली, मी पंचवीस म्हणाले. वाद चालू आहे, पुन्हा मोजतो.

---

चोडणकर | २२ मे, ९:५८

माझ्याकडे झर नाही, मी मानशीपाशी पाणी चाखून लिहीन. :) काजूबी, पावसाआधी वालपईच्या बाजूला काम निघालंय. पाच किलो कोरगूट आणतो. बदल्यात भिंडाचीं (कोकमाचीं) सोलां ठेवा, गेल्या वर्षीची असली तरी चालतील.

---

काजूबी | २२ मे, १०:०६

सोलां आहेत. यंदाचीच. येताना फोन करा, आमच्याकडे रेंज फक्त फणसाखाली मिळते.